फ्लॉरेन्सचा घुमट आणि ब्रुनेलेस्कीची यारी

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया देल फियोरे या कॅथेड्रलचे बांधकाम १२९६ मध्ये सुरू झाले. परंतु सव्वाशे वर्षे उलटत आली तरी त्यावर घुमट चढला नव्हता. घुमट ज्यावर बसायचा होता त्या अष्टकोनी पायाची रुंदी सुमारे ४५ मीटर होती आणि घुमटाची सुरुवातच जमिनीपासून पन्नास मीटरांहून अधिक उंचीवर व्हायची होती. १४१८ च्या स्पर्धेत, सोनारकामात तयार झालेल्या फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने आधाराच्या लाकडी साच्याशिवाय घुमट उभारण्याची योजना मांडली. तिची वाखाणणी नेहमी होते, ती योग्यही आहे. मात्र विटा, दगड आणि तुळया इतक्या उंचावर सातत्याने पोचवण्याची सोय झाली नसती, तर ही योजना तडीस गेली नसती.

त्या काळी अवजड माल चढवण्यासाठी मुख्यतः रोमन काळापासून चालत आलेली यारी, म्हणजे भार उचलण्याचे यंत्र, वापरली जाई. तिचे मोठे लाकडी चाक माणसे आत चालून फिरवत, त्यामुळे तिची ताकद त्यांच्या वजनापुरतीच मर्यादित राही. ब्रुनेलेस्कीने १४२०-२१ मध्ये बैलांच्या बळावर चालणारी यारी उभारली. बैल ज्या उभ्या खांबाभोवती फिरत, त्यावर एकावर एक अशी दोन आडवी दातेरी चाके होती. मळसूत्राने खांब वर-खाली केला की एकाऐवजी दुसरे चाक दोर गुंडाळणाऱ्या लाटेच्या, म्हणजे आडव्या रुळाच्या, चाकात अडके आणि लाट उलट दिशेने फिरू लागे. त्यामुळे भार उतरवताना बैलांना जुवातून सोडून उलटे जुंपण्याची गरज उरली नाही. दिवसभर चालणाऱ्या कामात या एका सोयीने किती वेळ वाचला असेल, याची कल्पना करता येते. लाटांचे व्यास वेगवेगळे असल्याने जड भार सावकाश आणि हलका भार वेगाने चढवता येई. वर पोचलेला दगड नेमक्या जागी सरकवण्यासाठी त्याने पुढे मळसूत्रे आणि प्रतिभार (तोल साधणारी वजने) असलेली आणखी एक यारी बनवली.

घुमट १४३६ मध्ये पूर्ण झाला. ब्रुनेलेस्की १४४६ मध्ये वारला. त्याच्या हातची या यंत्रांची रेखाटने आज उपलब्ध नाहीत. ही यंत्रे आपल्याला कळतात ती पंधराव्या शतकातील ताक्कोला, बुओनाक्कोर्सो गिबेर्ती आणि लिओनार्दो दा विंची यांच्या वह्यांतून. १४७१ मध्ये घुमटाच्या शिखरावर तांब्याचा गोल बसवण्याचे काम शिल्पकार वेरोक्कियोच्या कार्यशाळेकडे होते आणि तरुण लिओनार्दो तेथेच शिकत होता. त्याने पुढे काढलेली यंत्रांची चित्रे दीर्घकाळ त्याचेच शोध मानली गेली. विसाव्या शतकात संशोधकांनी जुन्या वह्या ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांतील कित्येक यंत्रांचे श्रेय ब्रुनेलेस्कीकडे परत आले.