एफएनएच: यकृतातल्या एका गाठीची जुनी ओळख

तक्रार पित्ताची, वय तिशीचं, आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टात एक ओळ: 'लिव्हरमध्ये एसओएल'. म्हणजे जागा अडवून बसलेलं काहीतरी. याहून जास्त ती अक्षरं काहीच सांगत नाहीत, पण घराची झोप उडवायला तेवढी पुरतात. अशा निरुपद्रवी गाठींत पहिला नंबर हिमँजिओमाचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या गुंत्याचा. दुसरा फोकल नोड्युलर हायपरप्लासियाचा, डॉक्टरांच्या तोंडी एफएनएच. ती पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त सापडते.

ही गाठ कापली की आडव्या चिरलेल्या मोसंबीची आठवण होते: मधोमध पांढुरका तारा, त्यातून कडेकडे गेलेल्या रेषा. पेशी यकृताच्याच, घडी तेवढी विस्कटलेली. म्हणून कुणी तिला 'फोकल सिऱ्होसिस', म्हणजे एका जागेपुरतं व्रणांनी कडक झालेलं यकृत म्हणे, कुणी हॅमार्टोमा, म्हणजे जागच्याच पेशींची चुकलेली रचना, कुणी अ‍ॅडेनोमा, म्हणजे यकृतपेशींची कर्करोग नसलेली वेगळीच गाठ. आजचं नाव रूढ झालं ते लॉस एंजेलिसचे पॅथॉलॉजिस्ट ह्यू एडमंडसन यांच्या १९५८ च्या लिखाणातून. गंमत अशी की, दोनच वर्षं आधी त्यांनीच यकृताच्या फायब्रोलॅमेलर नावाच्या कर्करोगाचं पहिलं वर्णन केलं होतं. तोही तरुण वयात, निरोगी यकृतात होतो आणि त्याच्याही मधोमध पुष्कळदा तसाच ताऱ्यासारखा व्रण असतो! निरुपद्रवी गाठ आणि तिचा तोतया, दोघांची नोंद एकाच हातची.

१९७३ मध्ये गर्भनिरोधक गोळ्या आणि यकृतातल्या अ‍ॅडेनोमाचा संबंध पुढे आला. अ‍ॅडेनोमा फुटून रक्तस्राव होऊ शकतो. त्या धास्तीत एफएनएचही शस्त्रक्रियेनं कापून काढली जाऊ लागली. स्कॅनवर दोन्हींत फरक करणं तेव्हा सोपं नव्हतं.

१९८५ मध्ये टोरांटोचे पॅथॉलॉजिस्ट इयान वॉनलेस यांनी एफएनएच का होते याबद्दल वेगळंच सुचवलं. जन्मजात वेडीवाकडी धमनी एका जागी जादा रक्त ओतते आणि तिथलं यकृत फोफावतं. मला हा सगळ्यांत मोलाचा टप्पा वाटतो, कारण नजर गाठीच्या आकारावरून रक्तावर गेली. सीटीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून दिलेलं औषध, धमन्यांत पोचताच ही गाठ झळकते आणि लगेच आसपासच्या यकृतात मिसळून जाते.

पुढे एमआरआयसाठी यकृताच्या पेशी शोषून घेतील असं गॅडोक्सेटिक आम्लाचं कॉन्ट्रास्ट आलं. बहुतेक अ‍ॅडेनोमा आणि कर्करोग ते शोषत नाहीत, म्हणून चित्रात काळे दिसतात. एफएनएचच्या पेशी मात्र ते पितात, आणि पित्त बाहेर न्यायला धड नळी नसल्यामुळे वीस मिनिटांनीही ती गाठ उजळलेलीच असते.