झिंटफ्लूट की झ्युंडफ्लूट?

नोहाच्या गोष्टीतल्या जलप्रलयाला जर्मनमध्ये 'झिंटफ्लूट' म्हणतात. जुन्या पुस्तकांत मात्र त्याच जागी 'झ्युंडफ्लूट' छापलेलं सापडतं. 'झ्युंडं' म्हणजे पाप, त्यामुळे जर्मन शिकणाऱ्याला अर्थ झटकन लागतो: पापामुळे आलेला पूर. बायबलची कथाही तेच सांगते. तरीही ही व्युत्पत्ती खरी नाही.

मूळ शब्द प्राचीन उच्च जर्मनमधला, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जर्मनमधला, 'सिनफ्लुओट'. त्यातल्या 'सिन'चा अर्थ सदैव, सर्वत्र, अफाट. म्हणजे नुसता महापूर. पापाचा संबंधच नाही. हा 'सिन' पुढे वापरातून गेला. 'झिनग्र्यून' या सदाहरित वेलीच्या जुन्या नावात तेवढा तो उरलाय. 'न'वरून 'फ'कडे जाताना जीभ आपसूक मध्ये 'ट' घालते, तसा तो ट आला. उरला 'फ्लूट', म्हणजे पूर. त्याचं संस्कृतातल्या 'प्लु' धातूशी नातं आहे, म्हणजे आपल्या 'जलप्लावन'शीही.

'सिन' कुणालाच कळेनासा झाल्यावर मध्ययुगातच लोकांनी तिथे ओळखीचं पाप बसवलं. ते इतकं सहज बसलं याचं कारण कानाला विचारावं. जर्मनमध्ये शब्दाच्या किंवा जोडशब्दातल्या घटकाच्या शेवटचा ड हा ट असाच उच्चारतात, त्यामुळे बोलताना दोन्ही शब्दांत फरक उरतो तो फक्त एका स्वराचा: साधा 'इ', की ओठांचा चंबू करून म्हटलेला 'इ'. दक्षिण आणि मध्य जर्मनीतल्या अनेक बोलींत तो चंबूही होत नाही. मग तिथे दोन्ही शब्द अगदी एकसारखेच ऐकू येणार! धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या 1545च्या जर्मन बायबलात 'झिंडफ्लूट' आहे: स्वर मूळ शब्दाचा, ड पापाचा.

मला तरी 'झ्युंडफ्लूट'ला निव्वळ चूक म्हणवत नाही. प्रवचन ऐकणाऱ्यांनी कथेचं मर्मच शब्दात ओतलं होतं. आज मात्र प्रमाण लेखन 'झिंटफ्लूट' हेच.

'फ्रीडहोफ', म्हणजे दफनभूमी, याच्या वाट्याला उलटं आलं. तिथे 'फ्रीडं', म्हणजे शांती, दिसते. पण मूळ अर्थ कुंपण घातलेलं आवार. नेहमीच्या ध्वनिबदलाने त्याचं 'फ्रायटहोफ' व्हायला हवं होतं, आणि बव्हेरिया-ऑस्ट्रियाच्या बोलींत तसं झालंही. प्रमाण जर्मनने मात्र शांतीच ठेवून घेतली.