यिर्मया आणि यहेज्केल: दोघांनाही शोकबंदी, पण तऱ्हा वेगळी

यिर्मया आणि यहेज्केल या बायबलमधल्या इब्री (प्राचीन ज्यू) संदेष्ट्यांची वाचताना हमखास सरमिसळ होते. काळ एकच, यरुशलेमच्या (जेरुसलेमच्या) पाडावाचा. दोघेही याजक घराण्यातले. दोघेही अखेर बायकोविना, आणि दोघांनाही शोक करायची मनाई.

यिर्मयाला मुळात लग्नच करायचं नाही असा देवाचा हुकूम होता (त्याच्या नावाच्या ग्रंथात, अध्याय 16). त्या समाजात बायको, मुलगे आणि पुढे चालणारं नाव यांवर पुरुषाची पत ठरे. ते त्याला नाकारलं, कारण त्या भूमीत जन्मणारी मुलं रोगाने, तलवारीने, उपासमारीने मरणार होती. मयताच्या घरी जायचं नाही, मेजवानीच्या घरीही नाही. मात्र त्याचं स्वतःचं रडणं थांबलं नाही. तू मला फसवलंस, असं तो देवालाच सुनावतो. विसाव्या अध्यायात तर स्वतःच्या जन्माची बातमी बापाला देऊन त्याला खूश करणाऱ्या माणसाला तो शाप देतो.

यहेज्केल संसारी होता. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या बंदिवानांतला, खबार नदीकाठच्या वस्तीत राहणारा. त्याच्या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात त्याला सांगितलं जातं की डोळ्यांना प्रिय असलेली तुझी बायको एका झटक्यात जाईल, पण तू रडू नकोस. फेटा बांध, पायांत वहाणा घाल, ओठ झाकू नकोस, लोकांनी आणलेली भाकर खाऊ नकोस. सकाळी तो लोकांशी बोलला, संध्याकाळी ती गेली, दुसऱ्या सकाळी त्याने सांगितलं तसं केलं. एवढंच तो लिहितो.

'पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय' हा आपला हिशेब इथे लावला की घोटाळा होतो. यिर्मया हळवा आणि यहेज्केल मर्द, ही वाटणी साफ चुकीची आहे. प्राचीन इस्राएलात पुरुष चारचौघांत रडत. अबशालोम या मुलासाठी दावीद राजा ओक्साबोक्शी रडला होता. फेटा उतरवणं, अनवाणी होणं ही शोकाची रीतच होती. म्हणजे रीत मोडली ती कोरड्या डोळ्यांच्या यहेज्केलने. लोकांनी त्याला अर्थ विचारला, तेव्हा कळलं की त्यांचं यरुशलेममधलं लाडकं मंदिरही असंच जाणार आणि त्यांनाही रडता येणार नाही.

मला सलतं ते वेगळंच. यहेज्केलच्या ग्रंथात आदल्याच, तेविसाव्या अध्यायात यरुशलेमला व्यभिचारी बाई ठरवून तिच्या देहाची विटंबना सविस्तर रंगवली आहे. खऱ्या बायकोला मात्र नाव नाही, तिच्या तोंडी एक शब्द नाही, आणि तिचं मरणही मंदिराची खूण म्हणूनच येतं. यहेज्केलच्या दुःखाबद्दल बोलायचं तर हे दोन अध्याय सलग वाचायला हवेत.