उभ्या पिकात दिसणाऱ्या जुन्या बांधांच्या खुणा : शेताचे ड्रोन-छायाचित्र घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

छायाचित्र हाती पडल्यावर पिकातील गडद वा पिवळसर रेघा कशाच्या आहेत, असे अनेक ग्राहक विचारतात. त्यांपैकी काही रेघा गाडल्या गेलेल्या जुन्या शेतांच्या सीमा असू शकतात. बुजलेल्या चरात माती खोल असते व ओल जास्त दिवस टिकते, म्हणून त्यावरचे पीक उंच वाढते आणि भोवतालचे पिवळे पडू लागले तरी हिरवे राहते. याउलट खाली दगडी बांधाचा पाया असेल तर मुळांना खोली न मिळाल्याने पीक खुरटते व लवकर वाळते. इंग्लंडमध्ये पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी १९२० च्या दशकात हवाई छायाचित्रांवरून प्राचीन शेतांची मांडणी ओळखली, तर आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज या प्रागैतिहासिक समाधीजवळ २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात पिकातील अशाच खुणांवरून एक मोठे प्राचीन वर्तुळ ड्रोनला दिसले.

आपल्याकडे, बेळगाव भागात, या कामाला सर्वांत योग्य पीक म्हणजे कोरडवाहू शाळू, कारण ते जमिनीतल्या ओलीवरच वाढते आणि ओल सरू लागली की फरक उघड होतो. मुरमाड, उथळ जमिनीत खुणा लवकर उमटतात. चिकोडी, अथणीकडच्या खोल काळ्या जमिनीत ओल टिकून राहिल्याने त्या उशिरा आणि पुसट दिसतात. बागायती उसात किंवा खानापूरकडच्या पाणथळ भातात त्या शोधण्यासाठी खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक रेघ जुनी नसते. पाइपलाइनचा चर, मोडलेली गाडीवाट, बुजवलेली विहीर, मुजलेला ओघळ आणि खत कमी-जास्त पडलेला पट्टा यांचीही खूण उमटते. मेंढरे बसवलेली जागा तर पुढच्या हंगामात हिरवीगार चौकट होऊन दिसते आणि पाहणाऱ्याला हमखास फसवते. म्हणून आम्ही एका रेघेवर विसंबत नाही. समांतर रेघा काटकोनात मिळत असतील, आजच्या बांधाशी न जुळता त्याच्या खालून शेजारच्या शेतात तशाच पुढे जात असतील आणि मुंबई इलाख्याच्या काळातील गावनकाशावर त्यांचा मागमूस नसेल, तरच जुन्या शेतांची शक्यता आम्ही कळवतो. एक रेघ दुसरीला छेदत असेल तर आधीची कोणती, याचा अंदाज बांधता येतो. वय मात्र छायाचित्रावरून सांगता येत नाही. बेळगावच्या वडगाव-माधवपुरात उत्खननात सातवाहनकालीन वस्ती मिळाली आहे आणि हलशीला सापडलेल्या कदंब राजांच्या ताम्रपटांत जमीन दान दिल्याच्या नोंदी आहेत, परंतु तेवढ्यावरून आपल्या शेतातील रेघ त्या काळाची ठरत नाही.

एक विनंती आग्रहाने करतो. हे छायाचित्र बांधाच्या वादात पुरावा म्हणून वापरू नये. हद्द ठरते ती उतारा आणि सरकारी मोजणीने. खूण दिसली म्हणून तेथे खोदूही नये, कारण मातीचे थर एकदा विस्कटले की त्यांतून काळ वाचता येत नाही. पुरातत्त्व खात्याला कळवायचे असल्यास अर्ज आणि नकाशा आम्ही तयार करून देतो.

चित्रीकरण ठरवताना पेरणीची तारीख, शेवटची पाण्याची पाळी आणि मागील हंगामात मेंढरे बसवली असल्यास ती जागा कळवावी. शेत सांबरा विमानतळाजवळ किंवा लष्करी हद्दीलगत असेल तर ते आधीच सांगावे, कारण तेथे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.