नळ आला की हाक मारा

2018 चा जून. लातुरात शिकवण्यांचे प्रवेश जोरात सुरू होते, आणि एका ओळखीच्या सरांचा सकाळी साडेसातला फोन आला. "वेबसाइटवर काहीच दिसेना. पालकांचे फोनवर फोन चाललेत." उघडून पाहिलं, तर खरंच कोरं पांढरं पान. मथळा नाही, प्रवेशअर्ज नाही, काय बिघडलं ते सांगणारी एक ओळसुद्धा नाही. साइट सांभाळायचं ॲडमिनचं पान उघडून पाहिलं, तर तेही कोरं. आदल्या रात्री कोणीतरी एक प्लगइन, म्हणजे साइटला जादा काम जोडणारा सॉफ्टवेअरचा तुकडा, अपडेट केलं होतं, एवढाच धागा हाती होता.

वेबसाइट वर्डप्रेसवर होती. वेब फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यात, प्लगइन कसं काम करतं ते याच घटनेवरून सांगतो. काटेकोर बोलायचं तर वर्डप्रेस हे फ्रेमवर्क नव्हे, वेबसाइट चालवायची तयार यंत्रणा आहे. पण प्लगइन म्हणजे काय, ते बसतं कसं आणि चालू कसं होतं हे समजून घ्यायला त्याच्याइतकं सोपं उदाहरण नाही. 2003 साली वर्डप्रेस आलं आणि वर्षभरातच, 2004 च्या मे महिन्यातल्या 1.2 आवृत्तीत, प्लगइनची सोय आली.

ही सोय का लागली? समजा, प्रवेशअर्जासोबत फीची पावतीही निघायला हवी. वर्डप्रेसच्या मूळ फायलींत शिरून तुम्ही ते काम बसवलंत, तर पुढच्या अपडेटला त्या फायली नव्याने येतात आणि तुमची मेहनत पुसली जाते. म्हणून मूळ गाभ्याला हात लावायचा नाही, आपलं काम बाहेरून जोडायचं. ट्रॅक्टरचं असंच असतं. मागे औजार अडकवायच्या तीन जागा आणि औजाराला ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्याचे, म्हणजे पीटीओचे, मिनिटाला 540 फेरे, एवढं ठरलेलं. मग तुम्ही नांगर लावा, रोटाव्हेटर लावा, नाहीतर सोयाबीनसाठी बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरीचं पेरणी यंत्र, लावा. त्यासाठी ट्रॅक्टरचं इंजिन कोणी उघडत नाही.

पण वेबसाइटला अशा जागा दिसतात कुठे? इथे ट्रॅक्टरपेक्षा आपला नळ जास्त उपयोगी पडतो. मराठवाड्यातल्या बहुतेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून कामावर निघताना आपण शेजारच्या काकूंना सांगून ठेवतो, "काकू, नळ आला की हाक मारा हो." काकूंना ठाऊक नसतं तुम्ही हौद भरणार की कपडे धुणार. त्यांचं काम एकच, पाणी सुटलं की ज्यांनी ज्यांनी सांगून ठेवलंय त्यांना हाका मारायच्या.

वर्डप्रेसचा गाभा म्हणजे या काकू. पान तयार होताना तो ठरलेल्या टप्प्यांवर हाक मारतो: सुरुवात झाली, मजकूर तयार झाला, पानाचा तळ आला. प्लगइन आधीच 'ॲड ॲक्शन' लिहून नाव नोंदवून ठेवतं, की अमुक टप्पा आला की माझं तमुक फंक्शन, म्हणजे कोडचा नाव दिलेला तुकडा, चालव. या टप्प्यांना हुक म्हणतात. एकाच हुकवर दहा जणांनी नावं नोंदवली तर आधी कोण? त्यासाठी प्राधान्याचा आकडा असतो. लहान आकडा आधी. काहीच लिहिलं नाही तर 10 धरला जातो. आणि आकडा सारखा असेल तर ज्याने आधी नाव नोंदवलं त्याला आधी हाक.

हुकचा दुसरा प्रकार फिल्टर. यात नुसती हाक नसते, हातात वस्तू दिली जाते, जसं लेखाचा मजकूर. प्लगइनने त्यात हवा तो बदल करायचा आणि मजकूर परत करायचा, की तो पुढच्याच्या हातात जातो. नवशिके परत करायचं विसरतात. मग लेख प्रसिद्ध केलेला असतो, डेटाबेसमध्येही असतो, पण पानावर जागा रिकामी. पाणी गाळायला घेतलं आणि हंडा पुढे दिलाच नाही, तशातली गत.

आता इन्स्टॉल आणि लोड. बोलताना आपण 'प्लगइन टाकलं' एवढंच म्हणतो आणि तीन वेगळ्या गोष्टी एकात गुंडाळतो. माझ्या मते निम्मे घोटाळे इथेच होतात. पहिली गोष्ट, फायली सर्व्हरवरच्या प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये येऊन पडणं. हे इन्स्टॉल. रोटाव्हेटर गोठ्याशेजारी आणून ठेवला, बस. दुसरी, ॲक्टिव्हेट करणं. इथे प्लगइनचं नाव डेटाबेसमधल्या चालू प्लगइन्सच्या यादीत चढतं, आणि पावत्यांसाठी नवीन टेबल बनवण्यासारखं एकदाच करायचं काम उरकलं जातं. तिसरी गोष्ट लोड होणं, आणि ती एकदाच होत नाही. वर्डप्रेस पीएचपी भाषेत आहे. कोणी पान मागितलं की पीएचपी अगदी पहिल्यापासून सुरुवात करते: गाभा वाचते, यादीतलं एकेक प्लगइन वाचते, पान बनवून देते आणि सगळं विसरते. पुढच्या माणसासाठी पुन्हा पहिल्यापासून. कोड वाचून समजून घेण्याची मेहनत कॅशमुळे, म्हणजे एकदा केलेलं काम साठवून ठेवण्याच्या सोयीमुळे, वाचते, पण कोड चालवावा लागतोच. चाळीस प्लगइन्स चालू ठेवलेली साइट रखडते ती यामुळे. नुसती पडून असलेली प्लगइन्स वेग खात नाहीत.

सरांची साइट या तिसऱ्या पायरीवर अडकली होती. ॲडमिनचं पानही तीच यादी लोड करतं, म्हणून तेही बंद. मी होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या सेवेच्या, फाइल मॅनेजरमधून आत शिरलो आणि एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, उघडली. शेवटच्या ओळीत कारण स्पष्ट लिहिलेलं होतं: अस्तित्वात नसलेलं फंक्शन बोलावलंय. सोबत फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक. फाइल फी-पावतीच्या प्लगइनची होती आणि बोलावलेलं फंक्शन अर्जाच्या प्लगइनचं. पण अर्जाचं प्लगइन तर जागेवर होतं, चालूही होतं. मग फंक्शन नाही कसं?

उत्तर यादीच्या क्रमात होतं. वर्डप्रेस ही यादी फोल्डरच्या नावाप्रमाणे इंग्रजी वर्णानुक्रमे लावतं. पावतीच्या फोल्डरचं नाव 'ॲडमिशन' पासून सुरू होणारं, म्हणजे 'ए'. अर्जाचं 'फॉर्म', म्हणजे 'एफ'. आधी 'ए' लोड झालं आणि नव्या आवृत्तीत त्याने वाचता वाचताच 'एफ' ला हाक मारली. 'एफ' अजून आलेलंच नव्हतं. पीएचपी तिथेच थांबली.

तात्पुरता उपाय एका मिनिटाचा होता. पावतीच्या फोल्डरचं नाव बदललं. यादीतल्या नावाचं फोल्डर सापडलं नाही की वर्डप्रेस ते प्लगइन सोडून पुढे जातं. पान रिफ्रेश केलं आणि प्रवेशअर्ज परत दिसला. डेटाबेसला धक्का नसल्याने आधीच्या पावत्याही शाबूत होत्या.

खरा उपाय पंगतीतला. आपल्याकडे पान वाढलं म्हणून कोणी लगेच घास उचलत नाही. सगळ्यांना वाढून होतं, 'पुंडलिक वरदे' होतं, मग जेवायला सुरुवात. वर्डप्रेसमध्ये असा एक हुक आहे, 'प्लगइन्स लोडेड'. यादीतलं शेवटचं प्लगइन वाचून झालं की ही हाक येते. दुसऱ्या प्लगइनची गरज असलेलं काम तोवर थांबवून ठेवायचं. पावतीच्या प्लगइनमधला तो भाग मी या हुकला बांधला. दोन-तीन ओळींचं काम.

हा क्रमाचा प्रश्न वर्डप्रेसपुरता नाही. 2004 मध्ये आलेल्या रुबी ऑन रेल्स या रुबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत 'व्हेंडर' फोल्डरमधल्या 'प्लगइन्स' मध्ये फायली आणून ठेवायच्या, आणि तीसुद्धा वर्णानुक्रमेच लोड व्हायची. क्रम बदलायचा तर सेटिंगमध्ये यादी लिहावी लागे. 2013 च्या रेल्स 4 मध्ये ते फोल्डर बंद झालं आणि सगळी प्लगइन्स जेम, म्हणजे रुबीची तयार पॅकेजेस, म्हणून येऊ लागली. जँगो या पायथन भाषेतल्या फ्रेमवर्कमध्ये क्रम माणूसच लिहितो, 'इन्स्टॉल्ड ॲप्स' या यादीत. पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने, इन्स्टॉल केलं पण यादीत नाव टाकलं नाही, तर जँगोच्या लेखी ते ॲप नाहीच. शिकणाऱ्या मुलांचा तास-दोन तास इथे जातो. शिवाय रेल्स आणि जँगो सर्व्हर सुरू होताना एकदाच लोड होतात, म्हणून नवं काही जोडलं की सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो.

एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. लोड झालेल्या प्लगइनला गाभ्याइतकेच अधिकार मिळतात. मुलांचे फोन नंबर, फीच्या नोंदी, सगळं ते वाचू शकतं. कुठून तरी फुकट मिळालेली झिप फाइल मी म्हणूनच कधी चढवत नाही.

2019 च्या मे महिन्यातल्या 5.2 आवृत्तीपासून असं प्लगइन अडलं की वर्डप्रेस साइटच्या ॲडमिनला ईमेल पाठवतं. त्यातल्या दुव्यावरून आत शिरलं की बिघडलेलं प्लगइन त्याच्यापुरतं थांबलेलं असतं. 2024 च्या 6.5 मध्ये आणखी एक सोय आली: 'मला अमुक प्लगइन लागतं' असं फाइलच्या माथ्यावर लिहिता येतं. मग ते चालू असल्याशिवाय हे चालू होत नाही. सरांच्या पावतीच्या प्लगइनवर ती ओळ मी टाकली आहे. पण तिने लोड होण्याचा क्रम बदलत नाही. त्यामुळे 'ए' अजूनही 'एफ' च्या आधीच वाचलं जातं, आणि 'प्लगइन्स लोडेड' ची हाक येईपर्यंत थांबून राहतं.