कारखानदारांच्या प्रशिक्षणाला नाव घालताय? आधी उद्यम प्रमाणपत्र उघडून बघा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचे कागद मध्यंतरी माझ्याकडं आले. तीन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), सहा माणसं. मालकांना केंद्राच्या लीन योजनेत, म्हणजे कारखान्यात वाया जाणारा माल आणि वेळ कमी करायला शिकवणाऱ्या योजनेत, नाव नोंदवायचं होतं, पण गाडी पुढं सरकेना. उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा दाखला, काढून बघितलं तर मुख्य व्यवसायापुढं ‘सेवा’ लिहिलेलं. मालक वैतागले. “अहो, दिवसभर इथं बुरादा उडतोय, आणि मी सेवा देतो होय?”

झालं होतं असं की नोंदणी करून देणाऱ्यानं ‘जॉबवर्क’ हा शब्द ऐकला आणि सेवेवर टिचकी मारली. माल दुसऱ्याचा असला तरी मशीनिंग हे उत्पादनातच मोडतं. त्याचा एनआयसी कोड, म्हणजे व्यवसायांच्या सरकारी वर्गवारीतला क्रमांक, २५९२०. हळद दळणाऱ्या गिरणीचा कोड १०७९५, तोही उत्पादनातलाच. लीन योजना उत्पादन करणाऱ्या उद्योगांसाठी आहे. त्यामुळं ही एक टिचकी चुकली की पुढचे सगळे कागद बरोबर असूनही उपयोग नाही.

दुरुस्ती घरबसल्या होते, पैसे लागत नाहीत. उद्यम पोर्टलवर नोंदणी अद्ययावत करण्याचा पर्याय आहे. उद्यम क्रमांक टाकायचा, ओटीपी येतो, कोड बदलायचा. अडचण एकच, ओटीपी नोंदवलेल्या मोबाईलवर जातो. आणि तो मोबाईल पुष्कळदा मालकाचा नसतो, फॉर्म भरून देणाऱ्याचा असतो! वरच्या प्रकरणात त्या माणसाला शोधण्यातच आठवडा गेला. तेव्हा नवी नोंदणी करताना नंबर स्वतःचाच द्या. पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’नं संपतोय ना, तेही बघा; नोंदणीचे दीड-दोन हजार मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट्स आहेत.

नोंदणीला कागद अपलोड करावे लागत नाहीत. आधार आणि पॅन लागतं, आणि जीएसटी लागू असेल तर तो क्रमांक. मालकी एकट्याची असेल तर मालकाचं आधार, भागीदारीत व्यवस्थापकीय भागीदाराचं, एकत्र कुटुंब असेल तर कर्त्याचं. एका उद्योगाला एकच उद्यम क्रमांक मिळतो. मिरजेत फौंड्री आणि पलूसला मशीन शॉप एकाच फर्मची असेल, तर दुसरी नोंदणी करू नका, त्याच नोंदणीत दुसरं युनिट जोडा.

पात्रतेचे आकडे १ एप्रिल २०२५ पासून बदललेत. सूक्ष्म उद्योगासाठी यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. लघुसाठी २५ आणि १०० कोटी. मध्यमसाठी १२५ आणि ५०० कोटी. जमीन आणि इमारत गुंतवणुकीत धरत नाहीत, निर्यातीची विक्री उलाढालीतून वगळतात. जुन्या मर्यादेमुळं योजनेबाहेर पडलेले काही कारखाने आता पुन्हा आत आलेत, पण मालकांना त्याचा पत्ताच नसतो.

आता प्रशिक्षणाकडं. जिल्हा उद्योग केंद्र आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्ग मुख्यतः नव्यानं धंदा काढणाऱ्यांसाठी असतात. चालू कारखान्याला उपयोगी पडतात ते केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कार्यालयाचे व्यवस्थापन विकास कार्यक्रम. ते साधारण आठवडाभर चालतात आणि मालकासोबत सुपरवायझरही बसू शकतो. अर्जासोबत सहसा उद्यम प्रमाणपत्र, आधार, फोटो मागतात. सवलत हवी असेल तर जातीचा दाखला, आणि कर्मचारी येणार असेल तर कारखान्याच्या लेटरहेडवर ‘आमच्याकडं या पदावर आहेत’ असं सहीशिक्क्याचं पत्र. हे पत्र हमखास द्यायचं राहतं. वर्गाच्या दिवशी सकाळी माणूस दारात आणि मालक फोनवर, असं नको.

लीनचं काम वेगळं. ही योजना मार्च २०२३ मध्ये नव्या रूपात आली. पोर्टलवर नोंदणी करून आधी प्रतिज्ञा घ्यायची, मग बेसिक, इंटरमिजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या. वरच्या पायऱ्यांवर सल्लागार कारखान्यात येऊन फाइव्ह एस (जागेची शिस्त), कायझेन (सतत थोडी थोडी सुधारणा), कानबान (लागेल तेवढाच माल पुढं मागवणं), पोका-योके (चूक होऊच न देणारी रचना) शिकवतो आणि करूनही घेतो. त्याच्या फीचा ९० टक्के भाग सरकार उचलतं. महिला किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या मालकीच्या उद्योगाला आणखी ५ टक्के. माझ्या मते चार भिंतींतल्या व्याख्यानापेक्षा हे कधीही सरस. झेड, म्हणजे दोष आणि प्रदूषण टाळून केलेल्या उत्पादनाच्या, प्रमाणपत्राच्या फीतही सवलत आहे, सूक्ष्मला ८०, लघुला ६०, मध्यमला ५० टक्के.

नवोपक्रमाच्या सेमिनारला जाताना एक पथ्य पाळा. तुम्ही एखादं फिक्स्चर (मशीनवर वस्तू घट्ट पकडून ठेवणारं साधन) असं बनवलंय की सेटिंगचा वेळ निम्म्यावर आला. सेमिनारमध्ये ‘कुणी काही नवं केलंय का?’ असं विचारलं की आपला माणूस खुशीत उठतो आणि मोबाईलमधला व्हिडिओ सगळ्यांना दाखवतो. पेटंट मिळायला वस्तू नवी असावी लागते, आणि असं जाहीर दाखवल्यावर नवेपणावरच बोट ठेवता येतं. म्हणून आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज टाका. ऑनलाइन केला तर सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगाला त्याची फी १,६०० रुपये आहे, इतर कंपन्यांना ८,०००. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. पेटंट मंजूर झालं की एमएसएमई इनोव्हेटिव्ह योजनेतून देशातल्या पेटंटच्या खर्चापोटी १ लाखापर्यंत परतावा मागता येतो. त्यासाठी वकिलाची बिलं आणि फीच्या पावत्या कारखान्याच्या नावानं फाडून घ्या, मालकाच्या नावानं नको.

आणि नाव कुणाचं घालायचं? फाईलवर बऱ्याचदा पुतण्याचं किंवा मेहुण्याचं नाव दिसतं, कारण तो मोकळा असतो. रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, ढीग कुठल्या मशीनपाशी साठतो हे फोरमनला ठाऊक असतं. त्याला पाठवा, आठवड्याचा पगार चालू ठेवा, आणि जाताना गेल्या महिन्याचं रिजेक्शनचं रजिस्टर त्याच्या पिशवीत टाका.