शेजारी बसवलं, आता सामील कसं करायचं?

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणं) असलेल्या चार वर्षांच्या मुलाला अंगणवाडीच्या सतरंजीवर बाकीच्यांसारखं पाय लांब करून बसवलं, की अनेकदा त्याची पाठ गोल होते, तो मागे कलंडतो आणि पडू नये म्हणून दोन्ही हात जमिनीला टेकवतो. पाहणाऱ्याला वाटतं, याला अजून बसताच येत नाही. खरं कारण मांडीच्या मागच्या बाजूला असतं. या मुलांपैकी अनेकांचे तिथले स्नायू ताठ असतात. गुडघे सरळ झाले की ते कमरेच्या हाडाला खाली-मागे ओढतात, कंबर मागे झुकते आणि तिच्यासोबत पाठीचा कणाही वाकतो. त्याच मुलाला दहा-पंधरा सेंटीमीटर उंच पाटावर बसवा, गुडघे दुमडू द्या, तळपाय जमिनीला पूर्ण टेकू द्या. ताण सैल होतो, पाठ सरळ होते आणि मुख्य म्हणजे हात मोकळे होतात. मग तो मणी ओवायला बघतो, चेंडू ढकलतो, शेजारणीच्या हातातलं चित्रही ओढतो.

ही ओढाओढ सुरू होणं फार मोलाचं आहे. अडचणीचा एक भाग मुलाच्या शरीरात असतो आणि तो बदलायला वर्षं लागतात. दुसरा भाग बैठकीत, वेळापत्रकात, आपण सूचना देतो त्या पद्धतीत असतो आणि तो आठवड्याभरात बदलता येतो. दिव्यांग मुलांना इतरांसोबत शिकवणं म्हणजे मुख्यतः हा दुसरा भाग बदलणं.

आपल्याकडे यासाठीची जागा आधीच उभी आहे. अंगणवाड्या ज्या योजनेतून उभ्या राहिल्या ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली आणि आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. फिजिओथेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक तालुक्याच्या गावीही मिळेलच असं नाही, अंगणवाडी मात्र चालत जाण्याच्या अंतरावर असते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता देतो. मात्र त्यातला मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयासाठी आहे. ३ ते ६ ही वर्षं त्याआधी येतात, आणि भाषा, खेळ, चारचौघांत वावरणं हे सगळं याच काळात आकार घेतं. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. विकासातला उशीर लवकर ओळखणं, मुलाला व कुटुंबाला सामावून घेणं आणि पुढच्या उपचारांशी जोडून देणं, असे त्याचे टप्पे आहेत. एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा. अंगणवाडीत येण्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही. ते यथावकाश काढावं, पण मुलाने त्याची वाट पाहत घरी बसू नये.

नाव घातलं, मूल रोज येऊ लागलं, म्हणजे काम झालं का? बालविकासाच्या अभ्यासकांनी गेल्या चार-पाच दशकांत खेळणाऱ्या मुलांचं तासन्तास निरीक्षण केलं आहे आणि त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: नुसतं जवळ बसवल्याने मुलं एकमेकांशी खेळू लागत नाहीत. बोलणारी मुलं बोलणाऱ्यांकडे जातात आणि न बोलणारं मूल भिंतीपाशी राहतं. संपर्क घडवून आणावा लागतो. तो घडला तर फायदा खरा असतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या बालवर्गांचा एक अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गसोबत्यांची भाषा जितकी समृद्ध, तितकी दिव्यांग मुलांची वर्षभरातली भाषावाढ जास्त, असं त्यात आढळलं. उलट दिशेची भीती, म्हणजे बाकीच्या मुलांचं नुकसान होईल ही, अशा अभ्यासांतून खरी ठरलेली नाही.

संपर्क घडवण्याची सगळ्यात चांगली तपासलेली पद्धत म्हणजे सोबत्यांनाच तयार करणं. तीन-चार वर्षांच्या मुलांना ‘थांब, खेळ, बोल’ एवढं शिकवता येतं. त्याच्याजवळ थांब, त्याच्यासोबत खेळ, खेळताना त्याच्याशी बोल. सांगून हे समजत नाही, करून दाखवावं लागतं. ताईने स्वतः उत्तर न देणाऱ्या मुलाची भूमिका घ्यावी. सोबत्याने समोर यावं, खांद्याला हलकेच हात लावावा, खेळणं पुढे धरावं. ताईने मुद्दाम दुर्लक्ष करावं. इथेच बहुतेक मुलं निघून जातात, म्हणून शिकवायचं ते नेमकं इथे: थोडं थांब आणि पुन्हा विचार. रोज दहा मिनिटं, आठवडाभर हा सराव पुरे होतो. त्यानंतर खरा खेळ लावायचा, दोन किंवा तीन मुलांचा. खेळणं असं निवडावं की एकट्याला खेळताच येऊ नये: एकमेकांकडे ढकलायचा चेंडू, दोघांनी धरायची चादर, एकाकडे ठोकळे आणि दुसऱ्याकडे गाडी. सोबती रोज येणारा असावा आणि आठवड्यात दोघं-तिघं बदलून असावेत, नाहीतर एकाच मुलीवर सगळा भार पडतो.

या पद्धतीत एक बिघाड हमखास होतो. सोबती छोटी आई बनते. ती त्याचे मणी ओवून देते, त्याच्या वतीने उत्तर देते, त्याला ‘बाळ’ म्हणते. मोठ्यांना हे फार गोड वाटतं आणि शाबासकीही मिळते. पण सहा महिन्यांनी पाहावं तर ते मूल काहीच स्वतः करत नसतं. उपाय सोपा आहे: दिव्यांग मुलालाही देणाऱ्याची भूमिका द्यायची. रंगाचे खडू त्याने वाटायचे, घंटी त्याने वाजवायची, चेंडू कुणाकडे जाईल ते त्याने ठरवायचं.

मोठ्यांकडूनही तोच घोटाळा होतो. मदतनीस किंवा मुलाची आई त्याला चिकटून बसते, बहुतेकदा त्याच्या आणि बाकीच्यांच्या मधोमध. मग मुलं त्याच्याशी न बोलता त्या मोठ्या माणसाशी बोलतात. सुरुवातीचे काही दिवस आई जवळ असावी, हे खरं. पण बसावं मुलाच्या मागे, बाजूला नव्हे, आणि हळूहळू हातभर, मग दोन हात मागे सरकावं.

खेळाचे नियम बदलायचे तर सगळ्यांसाठी बदलावेत. ‘तळ्यात-मळ्यात’ घ्या. एकाला उडी मारता येत नसेल तर सगळ्यांनी बसून, समोर खडूने आखलेल्या वर्तुळात हात आत-बाहेर करायचा. ऐकू न येणारं मूल असेल तर ‘तळ्यात’ला निळा आणि ‘मळ्यात’ला हिरवा पुठ्ठा वर धरायचा. चुकण्यातली सगळी गंमत शाबूत राहते. त्या मुलाला एकट्यालाच ‘तू नुसता बघ’ किंवा ‘तू आऊट होत नाहीस’ असं म्हटलं, की तो खेळातून बाहेर गेलाच.

आता शिकवण्याकडे. जिल्ह्याच्या केंद्रात आठवड्यातून एकदा अर्धा तास थेरपी मिळते असं धरू. चार वर्षांची, डाऊन सिंड्रोम असलेली, अजून न बोलणारी मुलगी तिथे ‘दे’ची खूण शिकते. पण मागण्याचे खरे प्रसंग तर अंगणवाडीत घडतात: पाणी, खडू, झोका, खिचडी, बाहुली. म्हणून तिच्यासाठी एकच उद्दिष्ट निवडायचं आणि ते दिवसातल्या ठरलेल्या प्रसंगांत पेरायचं. वस्तू दिसेल पण हाती येणार नाही अशी ठेवायची. मग थांबायचं, मनातल्या मनात सावकाश पाच-सात आकडे मोजून. हे थांबणंच सगळ्यात अवघड जातं, कारण मोठ्यांना तीन सेकंदांची शांतताही सोसत नाही आणि ते वस्तू देऊन टाकतात. खूण आली नाही तर आपण करून दाखवायची, गरज पडली तर तिचा हात हलकेच धरून करवून घ्यायची आणि लगेच वस्तू द्यायची. शेवट नेहमी वस्तू मिळण्यातच व्हावा. पाणी आणि पहिला घास मात्र कधीही अडवून धरू नये. खिचडी आधी वाढायची आणि ‘अजून’साठी खूण मागायची. असे आठ-दहा प्रसंग रोज घडले, तर आठवड्याभरात चाळीस-पन्नास वेळा सराव होतो.

हात धुण्यासारखी अनेक पायऱ्यांची कामं शेवटाकडून शिकवावीत. नळ सोडणं, हात ओले करणं, साबण, चोळणं, धुणं, नळ बंद करणं, पुसणं. सगळं आपण हाताला धरून करवून घ्यायचं, फक्त पुसणं त्याच्यावर सोडायचं. ते जमलं की नळ बंद करणंही त्याचं. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल रोज अर्ध्यावर अडकतं. शेवटाकडून शिकवलं तर रोज स्वतःच्या हाताने काम संपवतं.

जेवणाच्या वेळी सर्वांत जास्त काळजी घ्यावी, कारण इथली चूक छातीत जाते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आडवं धरून, मान मागे करून भरवण्याची घराघरातली सवय धोक्याची आहे. मान मागे गेली की श्वासनलिकेचं तोंड उघडं राहतं आणि घास तिकडे उतरू शकतो. मूल सरळ बसलेलं, हनुवटी किंचित खाली आणि भरवणाऱ्याचा चेहरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत असावा. उभ्याने वरून भरवलं तर मूल मान वर करणारच. चमचा लहान व उथळ घ्यावा, अर्धाच भरावा, आणि आधीचा घास गिळलेला पाहूनच पुढचा द्यावा. पातळ डाळीत तरंगणारी भाताची शितं सांभाळायला सर्वांत कठीण, कारण पाणी आधी घशात उतरतं आणि शितं तोंडातच राहतात. खिचडी एकसारखी घोटून, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट करावी. जेवणानंतर अर्धा तास मुलाला आडवं करू नये. जेवताना खोकला, घोगरा ओला आवाज किंवा वारंवार न्यूमोनिया दिसला तर डॉक्टरांकडे पाठवायला उशीर नको.

श्रवणयंत्र लावलेल्या मुलाबाबत लोकांचा समज असतो की यंत्र लावलं, आता ऐकू येणार. यंत्र आवाज मोठा करतं, तसा गोंगाटही मोठा करतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, म्हणून ताईपासून मीटरभरात बसणं हीच सर्वांत स्वस्त सुधारणा. मुलाची पाठ खिडकीकडे असावी, म्हणजे उजेड ताईच्या चेहऱ्यावर पडतो आणि ओठ दिसतात. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना गोष्ट सांगू नये, तेव्हा चित्रं काढावीत. यंत्राची बॅटरी रोज सकाळी तपासावी. संपलेल्या बॅटरीचं यंत्र म्हणजे कानात घातलेला बोळाच. कमी दिसणाऱ्या मुलासाठी पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, चित्रांना जाड काळी रेघ आणि भातासाठी गडद रंगाची ताटली हवी, कारण पांढऱ्या ताटलीत पांढरा भात त्याला दिसतच नाही.

खुर्ची करून घ्यायची असेल तर मापं मुलाची घ्यावीत. बैठकीची उंची टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत, खोली कुल्ल्यांच्या मागून त्या खळीपर्यंत वजा दोन बोटं. टेबल कोपराच्या पातळीला. पाय लोंबकळत असतील तर खाली वीट ठेवावी, नाहीतर सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते. दाराशी उतार करायचा तर प्रमाण १:१२ हवं. १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १८० सेंटीमीटर लांबी. गवंडी अंदाजाने करतो तो उतार लांबीला बहुधा याच्या निम्माच, म्हणजे फार चढा असतो आणि मग चाकाची खुर्ची चढत नाही, उतरताना निसटते.

आकडीचा त्रास असलेलं मूल असेल तर सेविका आणि मदतनीस दोघींनाही हे पाठ हवं: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा किंवा पाणी तर अजिबात नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

मुलं प्रश्न विचारतातच, ‘तिच्या पायात असा बूट का?’ त्यांना गप्प करू नये. ‘तिच्या पायाचे स्नायू ताठ आहेत, बूट पाय सरळ धरतो’ एवढं खरं उत्तर दिलं की मुलं पुढच्या खेळाला लागतात. दटावलं तर मात्र यात काहीतरी लपवण्यासारखं आहे, हे ती शिकतात.

हे सगळं सेविकेने पुस्तिका वाचून करावं ही अपेक्षा चुकीची आहे आणि त्याला भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत फिलिप स्ट्रेन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी असे मिश्र बालवर्ग उभे केले. त्या पद्धतीची पुढे मोठी चाचणी झाली. २८ वर्गांतल्या शिक्षकांना दोन वर्षं वर्गात येऊन हाताशी धरून शिकवलं, दुसऱ्या २८ वर्गांना फक्त लिखित साहित्य दिलं. २०११मध्ये निकाल आले. पहिल्या गटातल्या मुलांची भाषा, आकलन आणि मिसळणं यांत स्पष्टपणे जास्त प्रगती होती. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे तालुक्याच्या सभागृहातला एक दिवस असतो. त्याऐवजी अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेने महिन्यातून दोनदा अंगणवाडीत बसून एक खेळ, एक जेवण पाहावं आणि तिथेच सांगावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतात. त्या दिवशी ‘हे मूल बसवायचं कसं, भरवायचं कसं?’ हे विचारून, पथकाकडून करून दाखवून घ्यावं.

सहाव्या वर्षी मूल पहिलीत जातं आणि तिथे सगळं पुन्हा शून्यापासून सुरू होतं, कारण कुणी काही लिहून दिलेलं नसतं. एक पान पुरतं. कसा बसतो, खुर्चीची मापं, काय घट्ट आणि काय पातळ खातो, ‘हो’ आणि ‘नाही’ कसं सांगतो, शौचाला जायचं तर कोणती खूण करतो, कशाने घाबरतो, कोणत्या दोन मुलांशी खेळतो. शाळा सुरू होण्याआधी ते पान पहिलीच्या शिक्षकांच्या हातात द्यावं, आणि त्या दोन मुलांना त्याच्याच तुकडीत ठेवायला सांगावं.